कॅमेरे तीस, पडदा एक

२८ जून २०११. बार्बाडोस बेटावरच्या ब्रिजटाऊन शहरात, केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातल्या कसोटीचा पहिला दिवस. फिडेल एडवर्ड्‌सच्या चेंडूवर कप्तान महेंद्रसिंग धोनीनं फटका मारला आणि शिवनारायण चंदरपॉलनं झेल टिपला. पंच इयान गूल्ड यांना मात्र शंका आली. गोलंदाजाचा पाय रेषेबाहेर तर पडला नव्हता? त्यांनी धोनीला थांबवलं आणि तिसऱ्या पंचाला विचारलं. तिसऱ्या पंचाच्या पडद्यावर रिप्ले आला. पाय रेषेच्या आत होता. धोनी दोन धावांवर बाद झाला.

खरा घोळ नंतर उघडकीस आला. तिसऱ्या पंचाला जो रिप्ले दाखवला गेला, तो त्या चेंडूचा नव्हताच! दुसऱ्याच कुठल्या तरी चेंडूचं चित्रण त्याच्यापुढे ठेवलं गेलं होतं. त्या चित्रात धोनी फलंदाजी करत नव्हता, तर समोरच्या टोकाला उभा होता. आणि ज्या चेंडूवर तो झेलबाद झाला, तो चक्क नो-बॉल होता. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीनं चूक कबूल करून माफी मागितली. पण बाद झालेला फलंदाज माफीनं परत खेळायला येत नाही.

या चुकीत पंचांचा दोष नव्हता. कॅमेराही खोटं बोलला नव्हता, त्यानं दोन्ही चेंडू इमानेइतबारे टिपले होते. चूक झाली ती निवडण्यात. अनेक चित्रांमधून नेमकं कुठलं चित्र पुढे करायचं, हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातून. हा माणूस मैदानावर नसतो, पडद्यावर दिसत नाही, त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. पण घरबसल्या सामना बघणारी कोट्यवधी माणसं त्याच्याच डोळ्यांनी सामना बघत असतात.

व्हॅनमधला कारभारी

स्टेडियमच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या एखाद्या कोपऱ्यात, एक लांबलचक बंद गाडी उभी असते. जाडजूड केबल तिच्या पोटातून निघून मैदानाकडे गेलेल्या असतात. हीच ओबी व्हॅन. आत एका भिंतीवर लहान-मोठ्या पडद्यांची रांग असते. मोठ्या क्रिकेट सामन्याला हल्ली तीसच्या आसपास कॅमेरे लागतात. दोन्ही टोकांना, सीमारेषेवर, यष्ट्यांमध्ये, धावचीत टिपण्यासाठी खेळपट्टीच्या रेषेत, शिवाय डोक्यावरून तारेवर सरकणारा एक. या प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र त्या भिंतीवर एकाच वेळी दिसत असतं.

त्या भिंतीसमोर दिग्दर्शक बसतो. तो कॅमेऱ्याचा नंबर पुकारतो, शेजारचा सहकारी बटण दाबतो आणि तेच चित्र जगभर जातं. बाकीची सगळी चित्रं त्या क्षणी व्हॅनमध्येच राहतात. दिग्दर्शकाच्या मागे रिप्ले सांभाळणारी मंडळी असतात. कुठला क्षण पुन्हा दाखवायचा, किती हळू दाखवायचा, हे त्यांच्याकडे. एका बाजूला ग्राफिक्सचा विभाग. धावसंख्या, चेंडूचा वेग, फलंदाजाची सरासरी, विजयासाठी हव्या असलेल्या धावा ही सारी आकडेमोड तिथून पडद्यावर चढते. तिकडे स्कोअरर प्रत्येक चेंडूची नोंद संगणकात करत असतो. त्याचं बोट चुकलं, तर कोट्यवधी घरांतला धावफलक चुकतो.

इथून जे चित्र बाहेर पडतं, त्याला या धंद्यात ‘फीड’ म्हणतात. ज्यावर अक्षरं, आकडे काहीच नाही तो ‘क्लीन फीड’. धावफलक आणि रिप्लेसकट तयार होऊन सगळ्या देशांना जातो तो ‘वर्ल्ड फीड’. प्रत्येक देशातली वाहिनी त्यावर आपला लोगो, आपलं समालोचन आणि आपल्या जाहिराती चढवते. म्हणजे लंडन, मुंबई आणि मेलबर्नच्या घरांत समालोचन वेगळं असलं, जाहिराती वेगळ्या असल्या, तरी बॅट आणि चेंडूचं चित्र एकच असतं. ते निवडणारा माणूसही एकच असतो.

२०२३ च्या आयपीएलमध्ये तर एकच सामना टीव्हीवर एका कंपनीनं आणि मोबाइलवर दुसऱ्या कंपनीनं दाखवला. मोबाइलवर मराठी, भोजपुरीसकट बारा भाषांमध्ये समालोचन होतं आणि प्रेक्षकाला कॅमेरा निवडण्याचीही सोय होती. मराठीतून ‘काय टोलावलाय चेंडू!’ ऐकताना अनेकांना गंमत वाटली. पण प्रेक्षकानं कॅमेरा निवडला तरी तो दिलेल्या चार-सहा कॅमेऱ्यांतूनच. ताट वाढणारा वेगळाच, खाणाऱ्यानं फक्त आधी भाजी खायची की कोशिंबीर, एवढंच ठरवायचं.

एका टोकाचा सामना

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. बीबीसीनं १९३८ च्या जूनमध्ये लॉर्ड्‌सवरची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी टीव्हीवर दाखवली, तेव्हा मोजके कॅमेरे आणि मोजकेच प्रेक्षक होते. पुढची कित्येक वर्षं मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असायचा. त्यामुळे एका षटकात फलंदाजाचा चेहरा दिसे आणि पुढच्या षटकात त्याची पाठ. गोलंदाजानं चेंडू कसा वळवला, हे अर्धा वेळ कळायचंच नाही. प्रेक्षकांची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण यापेक्षा वेगळं काही असू शकतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

हे बदललं ते ऑस्ट्रेलियातल्या केरी पॅकर या धनाढ्य माणसामुळे. प्रक्षेपणाचे हक्क आपल्या चॅनल नाइनला मिळत नाहीत म्हटल्यावर त्यानं १९७७ मध्ये जगातले नामवंत खेळाडू पैसे मोजून उचलले आणि स्वतःचीच क्रिकेट मालिका उभी केली. ती टीव्हीसाठीच होती. साहजिकच कॅमेरे दोन्ही टोकांना लागले. पुढे प्रकाशझोत आले, पांढरा चेंडू आला, रंगीत कपडे आले. क्रिकेट मैदानातून दिवाणखान्यात आलं ते तेव्हा.

या प्रक्षेपणाची आखणी करणाऱ्यांत डेव्हिड हिल नावाचा निर्माता होता. पुढे तो ब्रिटनमध्ये स्काय वाहिनीवर गेला. १९९२ मध्ये तिथल्या फुटबॉल सामन्यांत त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात धावती वेळ आणि गोलसंख्या कायम ठेवायला सुरुवात केली. आज कुणाला पटणार नाही, पण त्याआधी सामना मध्येच लावला की कोण पुढे आहे हे कळायला समालोचक सांगेपर्यंत वाट बघावी लागे. त्यानंतर हिल अमेरिकेत फॉक्स वाहिनीत गेला आणि तिथल्या फुटबॉललाही त्यानं हाच कोपरा दिला. आज धावसंख्येची पट्टी नसलेला सामना प्रेक्षकाला अपुरा वाटतो. एका माणसाची हौस जगाची सवय झाली.

रिप्लेचीही अशीच कथा. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया इथे लष्कर आणि नौदल यांच्या संघांत अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. सीबीएस वाहिनीचा तरुण दिग्दर्शक टोनी व्हर्ना यानं अर्ध्या टनाहून जड असं टेपयंत्र मैदानाशी नेलं आणि लष्कराच्या संघानं नुकतेच मिळवलेले गुण लगोलग पुन्हा दाखवले. प्रेक्षक गोंधळतील म्हणून समालोचकाला घाईघाईनं खुलासा करावा लागला, की हे आत्ता घडत नाही, लष्करानं पुन्हा गुण मिळवलेले नाहीत! आजही रिप्लेच्या आधी पडद्यावरून स्पर्धेचं चिन्ह सर्रकन फिरून जातं, ते या गोंधळामुळेच. आता जे दिसेल ते घडून गेलेलं आहे, अशी ती सूचना असते.

आणि कॅमेराच नसेल तर? १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमध्ये टनब्रिज वेल्स इथे विश्वचषकात भारताची अवस्था ५ बाद १७ झाली होती. तिथून कपिल देवनं नाबाद १७५ धावा काढल्या. भारताच्या क्रिकेटचा इतिहास ज्या डावानं वळवला, त्याचं एका चेंडूचंही चित्रण उपलब्ध नाही, कारण त्या मैदानावर टीव्हीचा कॅमेराच नव्हता. २०२१ मध्ये ‘८३’ हा चित्रपट आला, तेव्हा तो डाव नटांकडून खेळवून घ्यावा लागला. ज्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला त्यांच्याखेरीज बाकी सगळ्यांसाठी तो ऐकीव गोष्ट आहे. कॅमेऱ्याची सत्ता किती मोठी आहे, हे कॅमेरा नसलेल्या या सामन्यानं जितकं दाखवलं तितकं दुसऱ्या कशानं क्वचितच दाखवलं असेल.

सचिन आणि २८ सेंटिमीटर

चित्र जोवर केवळ बघण्यासाठी होतं, तोवर निवड चुकली तरी फार बिघडत नव्हतं. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बनमध्ये चित्राला न्यायाधीशाची खुर्ची मिळाली. जाँटी ऱ्होड्‌सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावचीत झाला की नाही, हे पंच सिरिल मिचली यांनी स्वतः न ठरवता टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपवलं. सचिन ११ धावांवर बाद. तिसऱ्या पंचानं बाद ठरवलेला कसोटीतला पहिला फलंदाज आपल्या मुंबईचा निघाला.

लगेच पुढच्या कसोटीत जोहान्सबर्गला उलट घडलं. ऱ्होड्‌सविरुद्ध धावचीतचं अपील झालं, पण पंच स्टीव्ह बकनर यांनी टीव्हीची मदत घेण्याचं नाकारलं. रिप्लेमध्ये तो बाद असल्याचं दिसलं. ऱ्होड्‌सनं पुढे ९१ धावा केल्या. दोन आठवड्यांतच हे नवं शस्त्र कसं आणि केव्हा वापरायचं यावर वाद पेटला.

चित्राचा निर्णय शंभर टक्के खरा, असा एक समज तेव्हापासून रुजला. त्यातली मेख साध्या गणितानं कळते. त्या काळच्या टीव्हीवर एका सेकंदात २५ पूर्ण चित्रं असत. जिवाच्या आकांतानं धावणारा फलंदाज सेकंदाला सुमारे सात मीटर पळतो असं धरलं, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो २८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एका चित्रात बॅट रेषेच्या बाहेर आणि बेल्स जागेवर, पुढच्या चित्रात बॅट आत आणि बेल्स उडालेल्या. मधल्या क्षणी काय घडलं? ते कुठल्याच चित्रात नाही. आता कॅमेरे कितीतरी वेगवान झाले आणि ही फट खूप अरुंद झाली. पण ती होती, आणि तिच्यात कुणाकुणाचे डाव गेले, हे विसरून चालणार नाही.

हाच कॅमेरा पुढे पोलिसाचंही काम करू लागला. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ इथे सचिन चेंडूच्या शिवणीवर बोट फिरवताना टीव्हीवर दिसला. मैदानावरच्या पंचांनी तक्रार केली नव्हती. तरी सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्या चित्रणावरून सचिनला एका कसोटीची स्थगित बंदी आणि दंड ठोठावला. देशभर संतापाची लाट उसळली, प्रकरण संसदेपर्यंत गेलं. सचिननं पंचांना न सांगता चेंडूवरचं गवत साफ केलं, एवढाच ठपका असल्याचं नंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं स्पष्ट केलं. पण जवळून घेतलेलं, हळू केलेलं, पुन:पुन्हा दाखवलेलं ते चित्र तोवर जगभर गेलं होतं.

उलट २४ मार्च २०१८ रोजी केप टाऊनमध्ये ऑस्ट्रेलियाचा कॅमरून बँक्रॉफ्ट चेंडूवर काहीतरी पिवळं घासताना आणि नंतर ते विजारीत लपवताना दिसला, तो कॅमेऱ्याच्या चिकाटीमुळेच. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर ते झळकलं आणि लबाडी उघडी पडली. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर एक वर्षाची, बँक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची बंदी आली.

दोन्ही घटना दक्षिण आफ्रिकेतल्या, दोन्हीत चित्रण टीव्हीचं. एकदा कॅमेऱ्यानं चोर पकडला, एकदा सरळ माणसाला संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. यजमान देशाचे कॅमेरे पाहुण्या खेळाडूंच्या हातांवर जास्त रोखलेले असतात, अशी पाहुण्यांची कुरकुर जुनीच आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. इथे ज्याच्या हाती कॅमेरा तो फौजदार.

आकडे आणि रेषा

चित्राबद्दल निदान शंका तरी घेतली जाते. पडद्यावरच्या आकड्याबद्दल कुणी घेत नाही. छापलेलं ते खरं, तसं पडद्यावर उमटलेलं खरं.

२२ मार्च १९९२ रोजी सिडनीत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला. त्या वेळच्या नियमानं चेंडू कमी होत गेले, धावा मात्र कमी होईनात. शेवटी मैदानातल्या भल्यामोठ्या फलकावर झळकलं, की एका चेंडूत २२ धावा. खरा आकडा २१ होता. निकालात काहीच फरक पडणार नव्हता, पण आज इतक्या वर्षांनीही लोकांच्या तोंडी ‘एका चेंडूत २२’ हेच आहे. चुकीचा आकडा बरोबर आकड्याला पुरून उरला.

आकड्याच्या पुढची पायरी म्हणजे रेषा. २००१ मध्ये लॉर्ड्‌सवर इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ‘हॉक-आय’ पहिल्यांदा टीव्हीवर आलं. मैदानाभोवतीचे खास कॅमेरे चेंडू टिपतात, संगणक त्यावरून चेंडूचा मार्ग आखतो. चेंडू पॅडवर आदळेपर्यंतचा मार्ग मोजलेला असतो. त्यापुढचा, म्हणजे पॅड नसतं तर चेंडू कुठे गेला असता, हा मात्र अंदाज असतो. उत्तम गणितावर उभा असलेला, पण अंदाजच. पडद्यावर दोन्ही तुकडे एकाच ठळक रेषेनं जोडलेले दिसतात. मोजलेलं कुठे संपलं आणि अंदाज कुठे सुरू झाला, हे बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ‘अंपायर्स कॉल’ नावाची जी तरतूद आहे, ती याच अंदाजाला दिलेली मुभा. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसत असेल, तर मैदानावरच्या पंचाचा शब्द कायम. घरोघरी या तरतुदीला शिव्या बसतात, पण यंत्राची मर्यादा प्रामाणिकपणे मान्य करणारी तीच एक गोष्ट पडद्यावर आहे.

भारतीय क्रिकेट मंडळाचा या यंत्रावर बरीच वर्षं विश्वास नव्हता. २०११ च्या विश्वचषकात ते वापरणं भाग होतं. मोहालीच्या उपांत्य सामन्यात पाकिस्तानच्या सईद अजमलच्या चेंडूवर सचिन २३ धावांवर पायचीत दिला गेला. त्यानं दाद मागितली. रेषेनं दाखवलं, की चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जात होता. सचिननं ८५ केल्या, भारत जिंकला. त्या दिवशी रेषेवर रागावलेला भारतीय शोधून सापडला नसता!

१३ जानेवारी २०२२ ला केप टाऊनमध्ये तीच रेषा उलटली. आर. अश्विनच्या चेंडूवर दक्षिण आफ्रिकेचा कप्तान डीन एल्गर पायचीत दिला गेला, पण रेषेनं चेंडू यष्ट्यांच्या वरून जाताना दाखवला. भारतीय खेळाडू खवळले. त्यांनी यष्ट्यांमधल्या मायक्रोफोनशी तोंड नेऊन यजमान वाहिनीला खरमरीत शब्दांत सुनावलं. वास्तविक ती रेषा काढणारी कंपनी वाहिनीपेक्षा वेगळी होती. पण खेळाडूंच्या मनात संशय यावा, यातच सारं आलं. चित्र वाहिनीचं, पडदा वाहिनीचा, मग न्यायही वाहिनीचाच, असं वाटलं तर दोष कुणाला द्यायचा?

एका चेंडूची किंमत

निवड करणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं असतं, ते पैशाचं. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपण हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना गेले. सामने ४१० धरले, तर एका सामन्याचे ११८ कोटी. ट्वेंटी-२० सामन्यात दोन्ही डाव मिळून २४० चेंडू. भागाकार केला तर एका चेंडूला सुमारे ४९ लाख! घरातली थोरली माणसं म्हणतात, की षटकाचा शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच जाहिरात येते, आणि जाहिरात संपेतो पुढच्या षटकाचा गोलंदाज धावायला लागलेला असतो. त्याचं उत्तर या भागाकारात आहे. षटकांमधली जागा पुरेनाशी झाली, म्हणून जाहिरात चालू खेळात शिरली. कधी तळाच्या पट्टीवर, कधी उजव्या कडेला, कधी दोन्ही मिळून पडदा आक्रसून टाकणाऱ्या इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी.

न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांच्या समितीनं जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुधारणांचा अहवाल दिला, त्यात याचाही विचार होता. कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत जाहिराती फक्त उपाहार, चहापान, पेयपान अशा विश्रांतीतच दाखवाव्यात आणि खेळ चालू असताना एखाद्या छोट्या चिन्हापलीकडे सगळा पडदा खेळालाच द्यावा, असं समितीनं सुचवलं. सर्वोच्च न्यायालयानं समितीच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या, पण जाहिरातींचा प्रश्न मंडळावरच सोपवला. मंडळानं काय केलं, हे रोजचा पडदा सांगतोच.

पडद्यावरच्या या भांडणात प्रेक्षकाची बाजू कधी कुणी घेतलीच नाही, असं मात्र नाही. १९९३ मध्ये कोलकात्याच्या क्रिकेट संघटनेनं हिरो कप स्पर्धेचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन आणि सरकार अडून बसलं, परदेशातून आणलेली यंत्रं अडकली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हायला हवा, हे त्या निकालाचं सार. भारतात खासगी वाहिन्यांची वाट मोकळी करणाऱ्या या निकालाचं निमित्त क्रिकेटचं होतं, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही.

सरकारची मक्तेदारी गेली आणि हक्क विकत घेणाऱ्यांचं राज्य आलं. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, तेव्हा हक्क असलेली खासगी वाहिनी ज्यांच्या घरी नव्हती, त्यांचं काय, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. दूरदर्शनला फीड द्या, पण सात मिनिटं उशिरानं, असा तोडगा निघाला. शेजारच्या केबलवाल्या घरात जल्लोष व्हायचा आणि दूरदर्शनवाल्या घरात तो चेंडू अजून पडायचा असायचा. त्याच वर्षी संसदेनं कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट फीड, जाहिराती वगळून, प्रसार भारतीला देणं खासगी वाहिन्यांवर बंधनकारक झालं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मर्यादा घातली. हे फीड दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि मोफत डिशवर दाखवता येईल, केबलवाल्यांना पुढे देता येणार नाही. खेड्यातल्या ज्या घरात महिन्याचं भाडं परवडत नाही, तिथे भारताचा सामना आजही दिसतो, तो या कायद्यामुळे.

आपला माणूस कुठे आहे?

ब्रिजटाऊनच्या घोळानंतर बऱ्याच गोष्टी सुधारल्या. आता अनेक सामन्यांत तिसरा पंच व्हॅनमधल्या माणसाशी काय बोलतो, कुठलं चित्र मागतो, हे प्रेक्षकांना ऐकू येतं. २०२४ च्या आयपीएलपासून तर हॉक-आयची चित्रं हाताळणारी माणसं तिसऱ्या पंचाच्या खोलीतच बसवली गेली. मधला टीव्ही दिग्दर्शक बाजूला झाला. पंचाला हवं ते चित्र थेट मिळू लागलं. निवड करणारा आणि निर्णय देणारा यांच्यात आडपडदा नसावा, हा धडा उशिरा का होईना, घेतला गेला.

पंचाला त्याचा माणूस मिळाला. प्रेक्षकाचा माणूस मात्र व्हॅनमध्ये अजून कुणी नाही. दिग्दर्शक वाहिनीचा किंवा मंडळाचा, ग्राफिक्स पुरस्कर्त्याच्या पैशाचं, समालोचकही बहुतेक वेळा त्यांच्याच पगारावरचा. त्यांतले बहुतेक आपलं काम मन लावून करतात, एरवी इतका देखणा खेळ घरात आलाच नसता. प्रश्न त्यांच्या नियतीचा नाही, त्यांनी कुणाला उत्तर द्यायचं याचा आहे. कसोटीतला अर्धा पडदा जाहिरातीनं व्यापला तर जाब कुणाला विचारायचा? एखाद्या खेळाडूच्या हाताचं संशयास्पद चित्र दहा वेळा दाखवून तो निर्दोष ठरल्याचं एकदाही दाखवलं नाही, तर तक्रार कुणाकडे करायची? ध्वनिलहरी लोकांच्या आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं सांगून तीन दशकं उलटली. त्या लहरींवरून येणाऱ्या चित्राबद्दल लोकांना जाब विचारता यावा, ही मागणी काही अवाजवी नाही.

ती मान्य होईपर्यंत निदान घरात तरी एक करता येईल. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे शाळेत शिकलेलं वाक्य टीव्ही लावताना आठवावं. रिप्ले आला की मुलांना विचारावं, हा कुठल्या कॅमेऱ्यातून घेतलाय? ठळक रेषा दिसली की विचारावं, यातलं मोजलेलं किती आणि अंदाज किती? मुलं पटकन शिकतात. उद्या क्रिकेटऐवजी निवडणुकीचा निकाल, दंगलीची बातमी किंवा एखाद्याच्या बदनामीची चित्रफीत पडद्यावर येईल, तेव्हाही ती हाच प्रश्न विचारतील. बाकीचे एकोणतीस कॅमेरे त्या वेळी काय बघत होते?